लेकीने हट्टाने ससा आणला, आता तिचं लक्ष उडालंय. परत देऊ का?

खिडकीपाशी

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक ९ वर्षांची आहे. वर्षभर तिने सशाचा धोशा लावला होता. आम्ही दोघंही नोकरी करणारे, म्हणून मी टाळत होते. शेवटी वाढदिवसाच्या आधी तिने वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: रोज पाणी मीच बदलणार, पिंजरा मीच साफ करणार, गवत मीच घालणार, आईला एकदाही सांगायला लागणार नाही. खाली सही आणि तारीख. ते पान अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे. त्या पानाने मी विरघळले आणि ठिपक्या घरी आला. पांढराशुभ्र, उजव्या डोळ्याशेजारी राखाडी ठिपका, जेमतेम तीन महिन्यांचा.

पहिला आठवडा काय वर्णावा! शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्याच्यापाशी. त्याला उचलायची, छातीशी धरायची, बाहुलीच्या पांघरुणात गुंडाळायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातातून निसटताना त्याने मागचे पाय असे झाडले की मनगटापासून कोपरापर्यंत दोन लांब ओरखडे उठले. रडली, औषध लावलं, विषय संपला.

आता तिसरा आठवडा सरतोय. पाण्याची बाटली सलग दोन दिवस रिकामी सापडली. लेंड्यांचा ट्रे मीच काढते, गवत मीच भरते, तेही रात्री सगळं आवरल्यावर. 'ठिपक्याला पाणी दिलंस का?' विचारलं की 'हो, देते' म्हणते आणि रंगपेटी उघडून बसते. परवा माझा तोल गेला. म्हटलं, 'उद्याच्या उद्या त्याला परत देऊन येते बघ.' ढसाढसा रडली. मला वाटलं, लागलं मनाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नवरा म्हणतो, खरंच देऊन टाकू, जन्माचा धडा मिळेल. सासूबाई म्हणतात, पोर लहान आहे, तूच कर. मला दोन्ही पटत नाही. मुलांना जबाबदारी कळावी, मुक्या जिवाची माया लागावी म्हणून तर आणला होता. मग आमचं चुकलं कुठे? ज्यांनी मुलांसाठी पहिला प्राणी आणला त्यांनी सांगा, तुमच्या मुलांमध्ये ही जबाबदारी आली कशी? की तिचं ते वयच अजून झालेलं नाही?

---

जुनीसायकल

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं आणि एकाच वाक्याशी अडलो: 'रडली, औषध लावलं, विषय संपला.' मला वाटतं विषय तिथे सुरू झालाय. दप्तर टाकून धावणारी मुलगी आणि रंगपेटी उघडून बसणारी मुलगी, या दोघींच्या मध्ये ते दोन ओरखडे आहेत. ती आळशी नाही. ती दुखावली आहे. ज्याच्यासाठी वर्षभर जीव टाकला त्यानेच लाथ मारली. मी त्याला आवडत नाही, असं तिने मनात घेतलं असेल तर पाणी द्यायला जाणंही तिला जड जात असणार. एकदा निवांत विचारून बघा. पाण्याबद्दल नको, ओरखड्याबद्दल विचारा.

हे एवढ्या खात्रीने म्हणतोय कारण आमच्याकडे हेच घडलं. मुलगा तेव्हा ८ वर्षांचा होता, आता कॉलेजात आहे. आमच्या सशिणीचं नाव काजळ, डोळ्यांभोवती काळी कड होती म्हणून. त्यानेही तिला उचललं, तिनेही झाडलं आणि तो दुरावला. त्यावर मी जे केलं ते आजही मनात सलतं. मला वाटायचं, परिणाम दिसल्याशिवाय मुलांना जबाबदारी कळत नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी पाहिलं तर काजळचं वाडगं कोरडं. मी भरलं नाही. मुद्दाम. म्हटलं, याच्या लक्षात येईपर्यंत कोरडंच राहू दे.

दुपार झाली. काजळ वाडग्याची कड दातात धरून ते उलटं करत होती, मग सुलटं, मग पुन्हा उलटं. फरशीवर वाडगं आपटल्याचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू येत होता. शेवटी मीच उठलो आणि पाणी भरलं. ती जी पीत सुटली! मान वर न करता, मिशांवरून थेंब ओघळतायत, पोट आत-बाहेर होतंय. मुलगा दारात येऊन उभा होता. त्याने विचारलं, 'बाबा, वाडगं रिकामं आहे हे तुम्हाला माहीत होतं?'

मी काय उत्तर देणार? धडा त्याला द्यायला निघालो होतो आणि तहान तिने सोसली.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट ठरली. कोणीही विसरो, काजळ उपाशी-तहानलेली राहणार नाही. झोपायच्या आधीची शेवटची फेरी माझी. वाडगं रिकामं दिसलं तर भरायचं, आणि सकाळी मुलाला सांगायचं, 'काल रात्री पाणी मी भरलं.' बस, एवढंच. आवाज चढवायचा नाही, टोमणा नाही. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो नुसता 'बरं' म्हणाला. तरीही मी तेच करत राहिलो.

दुसरी गोष्ट कळायला मला फार उशीर झाला. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो. भर दुपारी तो झोपतो. मुलगा शाळेतून यायची वेळ म्हणजे काजळची गाढ झोप. झोपलेल्या जिवाला वरून हात घालून उचललं तर तो काय समजणार? सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला मागचं आणि वरचं छान दिसतं, नाकासमोरचं मात्र दिसत नाही. शिकारी पक्षी वरून झडप घालतो, त्यामुळे पाय जमिनीवरून सुटले की त्याला वाटतं, संपलं. ती लाथ रागाची नसते, जीव वाचवायची असते. मी हे मुलाला चित्र काढून समजावलं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, 'म्हणजे मी तिला रोज घाबरवत होतो.'

मग आम्ही उचलणं पूर्ण बंद केलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मुलाने जमिनीवर पालथं पडायचं, पुस्तक उघडायचं आणि काजळकडे बघायचंसुद्धा नाही. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. पहिले चार दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी त्याच्या पायांपर्यंत आली, हुंगलं आणि पळाली. दहाव्या की अकराव्या दिवशी त्याच्या मोज्यावर हनुवटी घासून गेली. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. हनुवटी घासून तो 'हे माझं' अशी खूण करून ठेवतो. हे मुलाला सांगितलं आणि त्याने तो मोजा धुवायलाच दिला नाही. तीन दिवस तोच मोजा, आईशी भांडून.

विसरणं त्यानंतर थांबलं असं नाही हं. परीक्षा आली की विसरायचा, मित्र आले की विसरायचा. पण आता ती बाबांनी लावून दिलेली कामं राहिली नव्हती. मीही कामाचं रूप बदललं. 'ट्रे साफ कर' म्हणणं सोडलं आणि विचारायला लागलो, 'आज लेंड्या कशा आहेत?' धडधाकट सशाच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या असतात, बोटाने चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. त्याने एक छोटी वही केली. 'मोठ्या, भरपूर.' 'मोठ्या, भरपूर.' पानंच्या पानं हेच. मध्येच एखादं चित्र.

तो सहावीत होता तेव्हा एका रात्री माझ्याकडे आला. 'बाबा, आज बारक्या आहेत आणि सात-आठच आहेत.' मी दमून आलो होतो, म्हटलं सकाळी बघू. तो हलला नाही. म्हणाला, 'ती पानं पण खात नाहीये. अंग आखडून बसलीये आणि डोळे अर्धे मिटलेत.' मी उठून गेलो. खरंच, कोपऱ्यात मुटकुळं करून बसली होती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच रात्री बोलावलं. आतड्यांची हालचाल मंदावली होती. वेदना थांबवायचं इंजेक्शन, त्वचेखालून सलाइन, आणि घरी आल्यावर दर थोड्या वेळाने सिरिंजने पातळ खाणं. सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं ते म्हणाले.

मुलगा रात्रभर तिच्याशेजारी चटईवर होता. मला मध्येच डुलकी लागली. पहाटे त्याने खांदा हलवून उठवलं. ट्रेमध्ये एक लेंडी पडली होती, लहान आणि वेडीवाकडी. त्याने ती तळहातावर घेऊन मला दाखवली आणि रडायला लागला. एका लेंडीसाठी इतका आनंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तर ताई, वय झालंय की नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: दहा वर्षांची हमी द्यायचं वय नऊ नाही. निरखून बघायचं मात्र आहे.

---

पाऊलवाट

जुनीसायकल, वाचताना घसा दाटला. पण दुसरी बाजूही मांडते, कारण सगळ्या घरांत असं होत नाही.

सोडून दिलेल्या प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये मी काही वर्षं काम केलंय. ताई, परत देणं म्हणजे नेहमीच पाप नाही. घरात कोणाही मोठ्या माणसाला मनापासून करायचं नसेल, कुणाला श्वासाचा त्रास होत असेल, वेळच नसेल, तर नीट चौकशी करून चांगलं घर बघून देणं हे सशाच्याच भल्याचं. पण ते शिक्षा म्हणून करू नका. 'तू लक्ष दिलं नाहीस म्हणून तो गेला' हे ओझं पोरं वर्षानुवर्षं वाहतात. आणि त्या धमकीतून तिला एवढंच कळतं की आपलं घर त्याला कधीही बाहेर काढू शकतं. मग ती जीव लावेल कशाला? द्यायचाच झाला तर 'आम्हा मोठ्यांना जमत नाहीये' असं आपल्या अंगावर घेऊन सांगा.

आमच्याकडे एकदा बारा-तेरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर गिनी पिग घेऊन आली होती. वडील कागदावर सह्या करत होते, ती माझ्या हातात एक चिठ्ठी देऊन गेली. त्यात लिहिलं होतं, त्याला कानामागे खाजवलेलं आवडतं, मिक्सरच्या आवाजाला तो घाबरतो, पाय उचलून झोपला तर हसू नका. ती चिठ्ठी मी पिंजऱ्यावर लावली होती. ज्या घरात तो पुढे गेला, तिथेही ती बरोबर पाठवली.

आणि कृपा करून कोणी 'बागेत सोडून द्या' असा सल्ला देऊ नका. पाळलेला ससा मोकळ्यावर जगत नाही.

---

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीसायकल दादा, तुमचं वाचून रात्री तिच्याशेजारी आडवी झाले आणि तिचा हात हातात घेऊन ओरखडा बघितला. आता फक्त फिकट रेघ उरलीये. विचारलं, 'दुखतं का गं अजून?' तर पाठ फिरवून म्हणाली, 'तुला तो कधी लाथ मारत नाही. मलाच मारतो.'

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. दोन आठवडे मी या पोरीला पाण्यावरून बोलत होते.

मी त्याला कधी उचलतच नाही, म्हणून तो मला मारत नाही, हे तिला सांगितलं. वरून येणाऱ्या हाताची भीतीही सांगितली. उठून बसली आणि प्रश्नांवर प्रश्न. झोपायला साडेअकरा झाले.

आता माझेही प्रश्न आहेत. उचलायचंच नाही तर नखं कापायची कशी? या वयाला नक्की कुठली कामं तिची आणि कुठली माझी? तो एकटा आहे, दुसरा आणावा का? आणि ती त्याला प्रेमाने गाजर भरवत असते, तेवढं एक तिला आवडतं, ते चालू ठेवू ना?

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून तुमच्या प्रश्नांपुरतं लिहितो.

गाजर आधी. गाजरात साखर बरीच, त्यामुळे ते कधीमधी, अंगठ्याच्या पेराएवढं. सशाचं खरं अन्न वाळलेलं गवत, खाण्याचा मोठा हिस्सा तेच आणि चोवीस तास समोर हवं. कारण साधं आहे. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत चघळूनच ते झिजतात. आतडीही त्याच तंतूंवर चालतात. भरवण्याचा आनंद मात्र तिच्याकडून काढून घेऊ नका. गवताची एकेक काडी हातातून देऊ दे, ससा तीही तितक्याच आवडीने ओढून घेतो.

तिच्या वयाला पाणी, गवत, लेंड्यांवर नजर ठेवणं आणि शेजारी बसणं, ही कामं तुमच्या देखरेखीत झकास जमतात. उचलणं, नखं, औषध ही मोठ्यांची. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जबर. धडपडताना स्वतःच्याच झटक्याने त्याचा मणका मोडू शकतो, असे ससे मी टेबलावर पाहिले आहेत. म्हणून उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि अंग तुमच्या पोटाशी टेकलेलं. नखांसाठी सुरुवातीला डॉक्टरांकडे जा, बघून शिका. बाटलीपेक्षा जड वाडगं बरं, ससे त्यातून जास्त मोकळेपणाने पितात. त्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० ते १०० मिलिलिटर पाणी तरी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. सलग दोन दिवस बाटली रिकामी, हे साधं प्रकरण नाही. दिवसातून काही तास पिंजऱ्याबाहेर पळू द्या. हात लावल्यावर हात धुवायची सवय तिला आणि तुम्हालाही.

लेंड्यांबद्दल एक भर. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या तो थेट तोंडाने घेऊन खातो. लेकीने ते पाहिलं तर शी करू नका. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, गवत दोनदा पचवायची त्याची ती पद्धत आहे. पण दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्याच नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा. जुनीसायकल यांच्या मुलाने ओळखलं ते हेच. अशा वेळी घरच्या घरी सिरिंजने भरवायलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, आतडं अडलेलं असेल तर ते अंगावर येतं. आणि माणसाची औषधं अजिबात नकोत. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक तोंडातून गेलं तर सशाच्या जिवावर बेततं. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

दुसरा ससा: जोडीने ससे जास्त सुखी असतात हे खरं, पण घाई नको. आधी नसबंदी, साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात डॉक्टर सांगतील तेव्हा. नाहीतर नर-मादी असतील तर महिन्याभरात पिलावळ आणि दोन नर असतील तर रक्तबंबाळ मारामाऱ्या. सोबत म्हणून गिनी पिग आणू नका, दोघांचं खाणं वेगळं आणि सशाची लाथ त्याला झेपत नाही.

आणि तुमच्या मूळ प्रश्नावर. चांगला सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. म्हणजे ठिपक्या म्हातारा होईल तेव्हा तुमची लेक विशीच्या आसपास असेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. आणि अशा मुलाकडे प्राणी असेल, तर ज्या मोठ्या माणसाच्या ताब्यात ते मूल आहे त्यालाच कायदा जबाबदार धरतो. मला तो नियम फार शहाणा वाटतो. माझ्याकडे येणारे पालक 'हा मुलाचा ससा आहे' असं म्हणाले की मी विचारतो, काल त्याने काय खाल्लं? मूल बोलतं का बघतो, आणि पालक बोलतात का तेही बघतो.

---

जुनीसायकल

डॉक्टर, धन्यवाद. 'पिसवांचं औषध' वाचून अंगावर काटा आला, आम्ही अज्ञानात ते वापरायच्या बेतात होतो एकदा.

ताई, एक राहिलं. कपाटावरचं ते पान काढा. त्यात 'मीच' हा शब्द किती वेळा आलाय बघा. पोरीने भरल्या मनाने लिहिलं, आणि आता रोज येता-जाता ते तिला सांगतंय की तू खोटी पडलीस. फाडू नका, जपून ठेवा, पुढे तिला वाचायला आवडेल. नवं पान लिहायचं तर त्यावर तुमचं, तुमच्या मिस्टरांचं आणि तिचं, तिघांची नावं असू द्या. तुमच्या नावापुढे रात्रीची शेवटची फेरी लिहा. तिच्यासमोर.

पाऊलवाट, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे सगळं गोड झालं असं वाटायला नको. आठवी-नववीत वर्षभर तो काजळकडे फारसा फिरकला नाही, सगळं मी केलं. मी तेव्हा काही बोललो नाही. ती म्हातारी झाली, मागचे पाय आखडले, तेव्हा तो आपणहून परत आला आणि तिच्यासाठी फरशीवर सतरंज्या अंथरल्या, घसरू नये म्हणून. साडेनऊ वर्षांची होऊन गेली. ती लेंड्यांची वही अजून त्याच्या खणात आहे.

---

खिडकीपाशी

दीड महिन्याने येतेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

ते पान काढलं. नव्या पानावर तिघांची नावं आहेत. नवऱ्याने स्वतःहून 'रविवारी ट्रे धुणं' आपल्या नावापुढे लिहिलं, आणि आजतागायत एकही रविवार चुकवलेला नाही.

संध्याकाळी लेक जमिनीवर पालथी पडून चित्रं काढते. रंगपेटी तीच, आता ठिपक्याच्या खोलीत असते. पहिले बरेच दिवस तो आलाच नाही. ती मला रोज विचारायची, आज येईल का? मी रोज म्हणायचे, माहीत नाही. एका संध्याकाळी येऊन त्याने तिचा पिवळा खडू पळवला. ती ओरडली नाही, हात तोंडावर दाबून माझ्याकडे बघत राहिली, डोळे एवढे मोठे.

गेल्या आठवड्यात किंचाळत स्वयंपाकघरात आली. 'आई, ठिपक्या मेला!' मी हातातलं तसंच टाकून धावले. तो कुशीवर सपशेल आडवा, पाय ताणलेले, डोळ्यांतला पांढरा भाग दिसतोय. माझेही पाय गळाले. मग त्याचं नाक हललं. ससे पूर्ण निर्धास्त झाले की असे धपकन आडवे पडतात हे नंतर वाचलं. तिला सांगितलं तर ती दारात फतकल मारून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून थांबवत होती. खाली मैत्रिणी हाका मारत होत्या, गेली नाही. सासूबाईंना पूजेची घंटासुद्धा वाजवू दिली नाही.

पाणी ती काल पुन्हा विसरली. शेवटच्या फेरीत मी वाडगं काठोकाठ भरलं आणि सकाळी म्हटलं, 'रात्री पाणी मी भरलं गं.' ती उकिडवी बसली, वाडग्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, 'आई, एवढं नको भरत जाऊस. पिताना त्याच्या गळ्याखालचे केस भिजतात, मग तो पुसत बसतो बिचारा.'